सतरा नंबर

मिरवणुकीमुळे इतवारीत आज गाड्या बंद,
म्हणून दुधाची पेटी मी डोक्यावर घेतली.
सहा बाटल्या, भोवती बर्फ,
चिठ्ठीवर तारीख, वेळ,
नावाच्या जागी आकडा.
सतरा म्हणजे फुलवंता मडावी.
हे मला माहीत नसायला हवं.

तिचं बाळ चार दिवसांचं होऊन गेलं.
पान्ह्याला कोण सांगणार?
तो येत राहिला, पहाटे तीनला, सहाला,
ब्लाउज भिजवत.
वॉर्डात कुणी कुजबुजलं,
अशा बाईचं दूध
पोराले पाजू नये वो माय.

गल्लीच्या तोंडाशी पिवळी मारबत आडवी आली.
माडीएवढी बाई, बांबू-कागदाची,
डोळे वटारलेले, आणि छाती
कारागिरानं मन लावून केलेली.
"ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!"
मागे बडगे, एक खड्ड्यांचा,
एकाच्या गळ्यात फुटक्या मोबाइलची माळ.
शेजारचा माणूस कडेवरच्या पोराला सांगत होता,
हे पूतना. विषाचं दूध पाजाले आल्ती.
कोणाले?
देवाले.
मंग पेला का थो?
पेला ना!

पेटीतलं पाणी मानेवर ओघळलं.

आमचे कीर्तनकार मामा पुढचंही सांगायचे:
तिला जाळलं, तर चितेला अगरूचा वास आला.
विष का असेना, छातीशी तर धरलं होतं,
म्हणून आईची गती.
मिरवणूक तिथवर कधी जात नाही.

लिसम्मा सिस्टरच्या पाकिटात एक पुडी आहे,
मरियमच्या दुधाचा थेंब पडून
पांढऱ्या झालेल्या दगडाची भुकटी.
"खरी का?" विचारलं तर म्हणाली,
"खडूच असेल. पण फेकवत नाही."
आणि फुलवंता, पंपाच्या घरघरीत,
भिंतीकडे बघत:
आमच्यात जंगो माय हाये.
पोरं तिची नव्हती.
मंग बाटली पुढे करून,
हे घ्या, भरली.

नऊशे ग्रॅमचं पोर, नाकात नळी.
तासाला दीड मिली.
त्याला कुठलीच गोष्ट ठाऊक नाही.
पिस्टन मी इतका हळू दाबते
की आपलाच अंगठा परका वाटतो.

संध्याकाळी नाईक तलावाकडून धूर आला.
खिडकी लावेस्तोवर एप्रनला लागला,
कागदाचा, खळीचा, रंगाचा.
कपाटात टांगताना
मी तो पुन्हा एकदा हुंगून पाहिला.