सात कोट

मनामात, हॉटेलच्या तळघरात माझी इस्त्री.
दर गुरुवारी सात कोट यायचे, मोरपंखी,
काखेत मिठाचे नकाशे.
सातवा इनास रुझारचा. कॉलर पट्ट्याने झिजलेली,
तिथे इस्त्री हळू फिरवायची असते.

वेंगुर्ल्याचा. बाप वरातीत क्लॅरिनेट वाजवायचा,
नवरदेव घोड्यावर, बाप चिखलात.
हा म्हणायचा, मी बसलेल्यांना उठवणार.
आणि उठवायचा.
पियानोवर कोलंबोचा निहाल, ट्रम्पेटवर मनिलाचा रोडेल,
ड्रमवर मडगावचा बस्त्यांव,
आणि हा पुढे, पाठ मागे कलवून,
सॅक्सवर एकच सूर धरायचा,
एकच,
बाजूने, खालून, ओठ चावून,
इतका की तेल कंपनीचे साहेब टाय सोडून
टेबलावर मुठी आपटायचे.
जम्प ब्लूज, तो सांगायचा. ब्लूज म्हणजे रडणं.
जम्प म्हणजे रडताना पाय गप्प न बसणं.

पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत, पगार दोन महिने मागे,
पण बँडचा हिशेब त्याच्या वहीत फिल्स न् फिल्स:
निहालच्या मुलीचे दात, रोडेलची तार,
स्वतःच्या नावापुढे फक्त ‘रीड, एक डबी’.
हवा इतकी ओली की पॅड चिकटायचे.
सिगारेटचा कागद घालून तो एकेक टिपायचा,
आजाऱ्याच्या पापण्या टिपाव्यात तसा.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत भोंगा झाला.
सगळे खाली, माझ्या कोटांमध्ये,
साहेब, वेटर, स्वयंपाकी.
इनासने कान दिला. म्हणाला, “बी फ्लॅट. जरा उतरलेला.”
आणि तोच सूर उचलला,
भोंग्याच्या खांद्याला खांदा लावून,
मग केसभर वर.
बस्त्यांवने माझ्या टेबलावर पंजे मारले.
भोंगा थांबला.
हा नाही थांबला.

मग की-बोर्ड आला. सातांचे पाच, पाचांचे दोन.
शेवटी तो एकटा, पाठीमागे कॅसेट.
कॅसेट कधी चुकायची नाही,
त्याचाच त्याला राग.

कधी गेला कळलं नाही. कुणी म्हणालं शारजा, कुणी दोहा.
कोट न्यायला कुणी आलं नाही.
खिशात सिगारेटच्या कागदात गुंडाळलेली रीड,
टोकाचा टवका उडालेला.

आता दापोलीत माझं दुकान आहे, पाटी आहे.
रीड गल्ल्यात, नाण्यांखाली.
ओली केली की जागी होते म्हणे.
मी अजून ओली केलेली नाही.