गड्डमबाईंचा पंप

हंगामातली पहिली शर्यत, नोव्हेंबरचा शेवटचा रविवार.
हिप्परग्याच्या तळ्यावर धुकं, बांधावर पाणकावळे,
आणि आम्ही एकशेबारा जण
दंडावर मार्करने आकडे लिहून घेत उभे.
माझा एकोणनव्वद. घामाने आठ पुसला गेला,
दुपारी नुसता नऊ उरला.

पावसाळाभर मी घरातच पाय मारले होते,
गॅलरीत, रोलरवर, समोर वाळत घातलेले टॉवेल.
कारखान्यातही मी टॉवेलांचाच हिशोब लिहिते. सुटका नाही.
वहीत आकडे चांगले दिसत होते.
वहीत खड्डे नसतात.

आधी धावणं, पाच किलोमीटर.
पहिला किलोमीटर मी एका कॉलेजच्या पोरामागे गेले.
त्याचे बूट नारंगी होते, एवढंच कारण.
तिसऱ्याला शेंगाचटणी वर आली.
पहाटे साडेचारला कडक भाकरी, वर चटणीचा गोळा,
"अंगात ताकद पाहिजे की," असं स्वतःलाच म्हणून.
ताकद आली. घशापर्यंत.

मग सायकल कुठे टांगली तेच आठवेना.
बांबूच्या चार रांगा, सगळ्या सायकली काळ्या,
लग्नात चप्पल शोधावी तशी मी हेल्मेट घालून फिरले.
"मावशी, तुमची तिकडं हाय की!" पाणीवाला पोरगा ओरडला.

तामलवाडीपर्यंत वारा तोंडावर.
उसाची ट्रॉली पुढे निघाली, तिच्या आडोशाला दडले.
नियमात बसत नव्हतं, सुखात बसत होतं.
दीड किलोमीटर.
मग एक ऊस सुटून चाकापुढे पडला
आणि मी नियमात परत आले.

वळसा घेतल्यावर वाटलं,
आपण बाई भलत्याच बळकट.
ज्वारी दोन्हीकडून मागे पळत होती,
घड्याळात पस्तीस, सदतीस.
मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, एवढासा.
उतरून उभी राहिले तेव्हा पाठीला कळलं
बळ कुणाचं होतं ते.

ट्यूब होत्या, दोन.
पंप घरी, गॅलरीत, टॉवेलाखाली.

एकेक जण "सगळं ठीक?" विचारत गेला,
उत्तर पोचायच्या आत पुढे.
थांबल्या त्या गड्डमबाई.
तेलुगू शाळेत गणित शिकवतात, वय चोपन्न,
सायकल लेकीची, सीट खाली केलेली.
"काटा आत राहिला तर नवी पण जाईल गं,"
म्हणत टायरमधून बोट फिरवून त्यांनीच काढला.
माझे हात थरथरत होते.
त्या हवा मारताना मोजत होत्या, ओकटी, रेंडू, मूडू,
शंभरपर्यंत, एकही न चुकवता.
मी चाक बसवेपर्यंत त्या निघूनही गेल्या.

दुसऱ्या धावण्यात पाय माझे नव्हते.
कुणाचे होते माहीत नाही, त्यांना गुडघे नव्हते.

शेवटच्या वळणावर मंडप दिसला
आणि मंडपाच्या अलीकडे त्यांची पाठ,
निळा टी-शर्ट, उजवा खांदा थोडा पडलेला.
बरोबरीने जाता आलं असतं.
तसं ठरवलंही होतं मी, दोन-तीन पावलं.
मग पाय पुढे गेले.

चार सेकंद.
यादीत मी एक्क्याण्णव, त्या ब्याण्णव.

केळं सोलत त्या म्हणाल्या, "भारी पळालीस शेवटी."
त्यात टोमणा होता का,
हे मी अजून शोधते आहे, डझनांच्या रकान्यात.

भाकरी रात्रीच खायची.
सायकलीला लाल फडकं बांधायचं.
सुटायच्या आधी बोट ओलं करून वारा बघायचा.
एवढं वहीत लिहून झालं, खाली एक ओळ कोरी.

पंप माझ्याकडेच राहिलाय.
रोज पिशवीत घालते, रोज परत आणते.
शाळा वाटेवरच आहे, साखर पेठेत.
पुढची शर्यत जानेवारीत, गड्ड्याची जत्रा उठल्यावर.
त्याआधी नेऊन द्यायला हवा.
वर्गाच्या दाराशी उभं राहून काय म्हणायचं,
तेवढ्याचा सराव झालेला नाही.