पाचवी किंगरी

पाच किंगऱ्या होत्या आमच्या टोल्यावर.
चार बोलायच्या. पाचवी माझी.
तिला काही सांगायचं नसे,
एकच सूर धरून बसायचं,
जसं भिंत बांधताना कुणीतरी
दोरीचं एक टोक धरून उभं राहतं.

मी नऊ वर्षांचा. रात्र चढली की डुलकी लागायची.
लिंगूकाका गजाचं टोक गुडघ्याला टोचायचे
आणि ज्या घरचं गाणं चालू असेल
त्या घराच्या सात पिढ्या
एकही नाव न गाळता पुढे सरकायच्या.

एकदा पुण्याहून एक बाई आल्या, टेप घेऊन.
माइक चौघांसमोर मांडला.
मला म्हणाल्या, बाळ, तू जरा मागे बस.

आता मी वणीच्या खाणीत, पट्ट्यावर.
आठ तास तिथेही एकच सूर.
सोबतचे म्हणतात, तुले कसं जमते बे?

दिवाळीत जंगूतात्यांच्या नातीनं, सुगंधानं,
ती टेप कुठून तरी मोबाइलवर मिळवली.
म्हणाली, मामा, वाजवाले शिकव.
म्हटलं, मले एकच सूर येते.
"मंग तोच शिकव."

आढ्याची किंगरी खाली काढली.
घोड्याचा केस एक शाबूत नव्हता.
घोडाही नाही आता गावात.
मुकुटबनच्या बँडवाल्याकडे वरातीची घोडी आहे,
पन्नास रुपयांत तिच्या शेपटीचे मूठभर केस दिले.
त्यात चमकीचे दोन धागे निघाले.
सुगंधानं ते वहीत ठेवले.

तात्यांचा उजवा हात उठत नाही.
खाटेवर पडून ऐकत होते.
आवाज वाढावा म्हणून मोबाइल
जर्मनच्या गंजात उभा केला.
चारही किंगऱ्या आल्या,
तीन मेलेली माणसं आणि तात्या,
मागे एक कोंबडी, कुणाचा तरी खोकला.
मी कान लावून शोधलं.
माझा सूर त्यात कुठंच नव्हता.

मग दोन गाण्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत
लिंगूकाका अगदी जवळून बोलले,
"अबे, उतरला तू. चढव."

तात्यांनी मान वळवली.
मी खुंटी पिळली.
"अजून जरा,"
खाटेवरून आवाज आला.