चालू आहे

खंजिरे सरांनी घड्याळ टाकलं दुरुस्तीला
आणि ॲडव्हान्स म्हणून एक पाकीट दिलं.
"रानमिरच्यांचं बी आहे. अकरा जाती.
मला आता गच्ची राहिली नाही."
मग ते पुण्याला गेले, लेकीकडं.
घड्याळ माझ्या खणात.

रानातलं बी हट्टी.
पेरलं म्हणून उगवेल असं नाही त्याचं,
त्याला पाखराच्या पोटातून जायची सवय.
मी रात्रभर आंबट ताकात भिजवलं
आणि केबलच्या डब्यावर ठेवलं, उबेला.
पद्मजा म्हणाली,
गिऱ्हाइकाच्या घड्याळाला कधी एवढं जपलंय का ओ?
एकेचाळिसाव्या दिवशी एक कोंब आला,
वाकलेला,
डोक्यावर टरफल तसंच.

अकरा कुंड्या, मागल्या दारी.
अकरा काड्या कुल्फीच्या, त्यावर बॉलपेननं नावं.

ऑगस्टात आयर्विन पुलाचा आकडा
गल्लीत तोंडोतोंडी फिरायला लागला.
अडतीस. एक्केचाळीस. त्रेचाळीस आणि काही इंच.
आधी दुकान उचललं, मग कुंड्या,
दोन दोन, जिन्यावरून.
शेवटच्या चार कमरेएवढ्या पाण्यातून.
गाळ खरवडून झाला तेव्हा झाडं नऊ होती
आणि काड्या कोऱ्या.

पाकीट मात्र खणाबरोबर वाचलं होतं.
त्यावर सरांच्या अक्षरात अकरा नावं.
इकडं नावं, तिकडं झाडं,
आणि मध्ये मी, लग्न जमवणारा.

पानावर जाऊ नये, हे लवकर कळलं.
पानं सगळ्यांची सारखंच खोटं बोलतात.
फूल येईपर्यंत गप बसायचं.

भिंग डोळ्याला धरायची सवय पस्तीस वर्षांची.
पण फुलाखालच्या हिरव्या पेल्याला दाते असतात
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
दाते मोजूनच तर घर चालवलं मी.
पाच दाते, टोकदार, फूल शर्टाच्या बटणाएवढं, पांढरं:
हे चाकोएन्से.
जांभळं, मान खाली घातलेलं: एक्सिमियम.
पाकळीच्या बुडाशी पिवळे ठिपके, त्याचंही जमलं.
पिवळ्याधमक फुलाचं फळ मी चावून बघितलं,
शेजारी गुळाचा खडा तयार ठेवून.
काहीच नाही.
मिरची, आणि तिखट नाही!
पद्मजा हसून हसून ओट्याला टेकली,
"तुमच्या धाकट्या भावासारखी, नुसता रंग."

आठ झाली.
बुलबुल येऊन लाल तेवढी टिपून जायचा,
त्याला झोंबत नाही म्हणे.
मी चिंधी बांधली, त्यानं चिंधीवर शिटून ठेवलं.

नववं झाड जमेना.
देठ गुडघ्यात वाकलेला.
पेल्याला एकही दाता नाही,
झिजलेल्या चाकासारखा गुळगुळीत.
फळ लोंबतं, मटाराएवढं,
पिकलं तरी लाल होत नाही,
हिरवट सोनेरी होऊन तसंच राहतं.
पाकिटावर तीन नावं उरली होती,
एकही ह्याच्या अंगाला बसेना.
सरांनी चुकून बारावं टाकलं
की पुरानं कुणाच्या परसातलं आणून लावलं,
कृष्णेला कोण विचारणार.

सरांना फोन लावला.
"देठ कसा आहे?"
गुडघ्यात वाकलेला, म्हणालो.
"बी?"
काळपट.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, "मला बघायला पाहिजे."
आणि फोन ठेवता ठेवता,
"घड्याळाचं काय झालं?"

त्याला दोन वर्षं झाली.
सर आले नाहीत.

दुकानात प्रत्येक घड्याळाला मी चिठ्ठी बांधतो:
नंबर, नाव, तक्रार, शेरा.
तशीच एक, दोऱ्यासकट, त्या झाडाला बांधली.
नंबर नऊ.
नावापुढं काही नाही.
तक्रार नाही.
शेऱ्यात, हात सवयीनं गेला म्हणून,
चालू आहे.