अकरावा हप्ता

दालमिलच्या गेटवर, वजनकाट्याशेजारी
माझी खुर्ची. एका पायाखाली पुठ्ठा.
ट्रक भरलेला येतो, रिकामा जातो,
मधला आकडा तो माल.
हे कोणी शिकवलं नाही, बघून आलं.
जे शिकवलं त्याचे सेहेचाळीस हजार पडले.

जळगावात, नवीपेठेत, साड्यांच्या दुकानावर दोन खोल्या.
गुन्हेशास्त्र व तपासतंत्र, एक वर्ष, प्रमाणपत्र.
माहितीपत्रकावर भिंग, भिंगात एक ठसा,
ठशाखाली: पगार पंचवीस हजारांपासून.
त्या ‘पासून’वर
मामाने पतपेढीत जामिनाची सही केली.

पोलीसभरतीत उंची दीड सेंटिमीटर कमी भरली.
प्रमाणपत्र सोबत नेलं होतं.
ते टाचेखाली ठेवता येत नाही.

तर हिशोब.
पगार नऊ हजार आठशे,
पीएफ जाऊन आठ हजार सहाशे चोवीस.
हप्ता बावीसशे साठ, चोवीस महिने.
सकाळपाळीची पुष्पलता, बारावी नापास,
तिला नऊ हजार तीनशे.
म्हणजे माझ्या कागदाचे महिन्याला पाचशे.
चोपन्न हजार दोनशे चाळीस भागिले पाचशे:
एकशे आठ महिने, वर थोडे दिवस.
आजपासून नऊ वर्षांनी, साधारण पंधरा तारखेला,
माझं शिक्षण मला परवडलेलं असेल.

सुपरवायझर हजेरी घेताना नाव पूर्ण वाचतो,
जागृती झोपे,
आणि विचारतो, नक्की काय ठरलं तुमचं?
वर्ष झालं. त्याच्यापुरता तो विनोद अजून ताजा आहे.

सात वाजता बायका सुटतात.
डबा उघडायचा, पदर झटकायचा, ओटी चाचपायची.
मूठभर डाळ निघाली तर नोंद, नोंदीला मला दोनशे.
अंगझडती कशी घ्यावी, यावर आम्हाला अख्खा एक तास होता.
कोणाची, यावर नव्हता.

सुपडाबाई सोनवणेचा अंगठा मशीन घेईना.
तीन खाडे लागले, तिन्ही दिवस ती इथेच होती.
“कोठे गया वं माय मना आंगठा?”
असं म्हणाली, जणू तो न सांगता
सुरतेला कामाला निघून गेलाय.

मी तिचा हात ट्यूबलाइटखाली धरला.
बावीस वर्षांची डाळ त्याच्यावरून गेलेली.
अंगठा कोरा. तर्जनी कोरी.
मधल्या बोटावर शंखाची अर्धी शेपटी.
डाव्या अनामिकेवर मात्र चक्र,
कडेला पुसट, मध्ये शाबूत.
दहा चक्रं असली की माणूस राजा होतो म्हणतात.
आम्हाला एक पुरलं.
खोबरेलाचे दोन थेंब, फडक्याने टिपलं,
बोट नव्याने नोंदवलं.
हिरवा दिवा लागला. मशीन बाईच्या आवाजात म्हणालं, धन्यवाद.
सुपडाबाईने मागे वळून पाहिलं, कोण बोललं ते.

तिच्या डब्यात त्या दिवशी
भाकरीच्या फडक्याखाली तूरडाळ होती.
ओंजळीला कमी.
मी फडकं उचललं,
होतं तसं परत ठेवलं.
स्टीलचा डबा मुळात जडच असतो.

रात्री वही काढली.
दोनशेच्या रकान्यात आडवी रेघ मारली,
वर शिक्षा असते तशी जरा जाड.
तिचा रोज तीनशे वीस, उद्यापासून बुडणार नाही.
तो माझ्या जमेत येत नाही.
खर्चातही बसेना.
पेन्सिलीने समासात लिहिला, मग खोडला,
मग परत लिहिला.

दुसऱ्या दिवशी खुर्चीपुढे सात बायका.
रोज झडतीला हात वर करतात,
आज तळवे उताणे, पुढे.
“झोपेबाई, हे काय ज्योतिष मांडलं?” सुपरवायझर.
मी पहिलीचा हात उजेडात ओढला.

हप्ता पाच तारखेला. अकरावा.
खोबरेलाची बाटली वीस रुपयांची,
ती मात्र खर्चात लिहिली आहे.