बरोबर न येणाऱ्याचं नाव

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर
चिदानंद अंगडीचं ऑफिस.
जिना इतका अरुंद की आम्ही नऊजणी
एकीमागे एक चढलो.
विमानात चढायची तालीम, म्हणून मालन हसली
आणि चौथ्या पायरीवर थांबली दम खायला.

बारा वर्षांची भिशी. अनगोळ, वडगाव, खासबाग.
दर महिन्याला चिठ्ठी, पोहे, कुणाच्या तरी सुनेची निंदा.
यंदा कुणालाच न देता सगळी रक्कम
व्हिएतनामला.
का व्हिएतनाम? स्वस्त पडतंय म्हणून.
नकाशावर ते सातजणींना सापडणार नाही.
आठवी मी.

"एकत्र काढा," चिदानंद म्हणाला, "ग्रुपला कमी बसतंय.
सत्तरीच्या वर कोण असंल तर तेवढं सांगा,
त्यांचं वेगळं लागतंय वो."
ताराबाईंनी पदर सारखा केला.
कागदावर त्या एकोणसत्तर.
शाळेत घालताना मास्तरांनी गिळलेली दोन वर्षं
आज कामाला आली.

"सगळ्यांची जन्मतारीख एक जून?"
होय की. हलग्याच्या, धामण्याच्या, मुतग्याच्या पोरी,
मास्तरांना वेळ कुठला?
हजेरीपटात आम्ही एकाच दिवशी जन्मलो.
आडनावं माहेरची घ्या नाहीतर सासरची,
हलगेकर, धामणेकर, मुतगेकर, काकतकर,
सायकलवरून अर्ध्या दिवसात फिरून येण्याएवढं जग.
त्याला आता पासपोर्ट.

आधीचे आजार?
नाही. नाही. थोडी शुगर. नाही.
मग मालन, खिडकीतून गेट पडताना बघत,
"दोन स्प्रिंगा घातल्यात. गेल्या दिवाळीच्या आधी."
त्या महिन्यात ती भिशीला आली नव्हती.
भाचीचं बाळंतपण, म्हणाली होती.
बाळंतविड्याला आम्ही पैसे काढून दिले होते.
तिनं घेतले होते.
खाली मालगाडी आली. कुणी कुणाकडे बघितलं नाही.
मी डबे मोजले, एकोणपन्नास.

"आणि मेलं तर?" ताराबाईंनीच विचारलं.
"आणतात की. बेंगळुरूपर्यंत त्यांचं, पुढचं तुमचं."
"म्हणजे रातराणीनं?"
"सीटखाली," कुणीतरी म्हणालं.
हसता हसता मालनचे डोळेही पुसून झाले,
एका कामात दोन कामं.

शेवटचा रकाना नॉमिनीचा.
मी मालनचं नाव घातलं, मालननं माझं.
चिदानंदनं दोन्ही फॉर्म परत सरकवले.
"बरोबर जाणाऱ्याचं नको, मावशी.
मागं राहणाऱ्याचं घाला."
पेनाचं टोपण चावत बोलला. त्याला काय कल्पना.

बाकीच्यांनी मुलगे लिहिले. पुणे, कतार, पिंपरी.
मालननं भाची लिहिली, तीच.
मी पेन धरून बसले.
माझं जे कुणी आहे
ते सगळं या खोलीत घामाघूम बसलेलं.

मग किल्ली आठवली.
गंगव्वा हडिमनी. भिंतीपलीकडची.
अठरा वर्षं माझी किल्ली तिच्या खिळ्याला.
"नातं?"
शेजारीण.
"शेजार यादीत नाही वो. 'इतर' घालू?"
बहीण घाल.
"आडनाव जुळंना की."
बहिणींचं कुठं जुळतंय, लग्नं झाल्यावर?
तो थांबला.
मग घातलं.

संध्याकाळी गंगव्वाला सांगितलं,
अर्धं तिच्या भाषेत, अर्धं माझ्या, उरलेलं हातांनी.
ती भाकरी थापत होती. दहा लाख म्हटलं
तरी थाप चुकली नाही.
"रोक्क तगोंड नान् येन माडली?"
पैसे घेऊन मी काय करू?
पाण्याच्या मोटारीचं बटण कुठलं
तेवढं दाखवून जा.