सपरी

वाडी नाक्याच्या मागं, ट्रकांच्या हाडांमध्ये
ती अकरा वर्षं उभी होती,
दोन चाकांची, अंड्यासारखी गोल,
पोटात मुंगसाचं बिऱ्हाड.
लिलावाच्या कागदावर एवढंच:
'गाडी, ओढायची, एक नग. खाणीच्या साहेबाची. चालू नाही.'
खापेकर मॅडमनं घेतली. पोस्टातून निवृत्त.
कशाला, ते मी विचारलं नाही.
मी बसच्या बॉड्या बांधतो, कारणं नाही.

आधी कातडी सोलली.
पत्र्याखाली सागाच्या फासळ्या, हात लागताच भुसा.
ओल कुठून आली ते लाकूडच सांगतं.
डाग वरून खाली उतरतो,
आपण बोटानं उलटं चढत जायचं.
चढलो. बोट थांबलं
छताच्या कडेला, ॲल्युमिनियमच्या रेलपाशी.
एकेचाळीस स्क्रू,
आणि एकेका भोकातून किती पावसाळे, देव जाणे.
जिनं सावली धरायची
तिनंच घर कुजवलं.
फैजान शिडीवरून म्हणाला,
'सावलीले भोक पाडल्याबिगर टांगता येते का, भाऊ?'

रेल निघताना कण्हली.
खाचेत माती, गांधीलमाशीचं घर,
आणि बोटभर चिंधी.
बाहेर डोकावणारी कड राखाडी,
आत दडलेली अजून लाल, अजून पांढरी.

तांडापेठेतून मारोतराव निपाणे आले, सायकलीवर.
माग विकून अठरा वर्षं झाली, आता मंडपाचं शिवतात.
चिंधी चष्म्याशी नेली, एक धागा सोडवला,
जिभेवर ठेवला, थुंकले.
'वीसचं सूत. दुपदरी. आमच्याच गल्लीतलं असन.'
मग बऱ्याच वेळानं, चहा निवल्यावर:
'नसन बी. सूत साऱ्याइले सारखंच भेटे.'

मॅडम म्हणते ऑनिंग. निपाणे म्हणतात कनात.
मी आपला सपरी म्हणतो.

नवी रेल सरळ येते, बारा फुटी.
छत गोल.
नुसती वाकवली तर खाच मिटते,
खाच मिटली की कापड अडतं.
म्हणून खाचेत तेलातली सुतळी ठासली
आणि गुडघ्यावर, हळूहळू,
लेकराचं हाड बसवावं तशी.
दोन मोडल्या.
तिसरीच्या वेळी फैजान बोलला नाही, मीही नाही.

नवतपा लागलेला. दुपारी पत्रा हाताला चावे.
पहाटे चारला कामाला लागायचो:
जुन्या भोकांत सागाच्या खुंट्या,
नवी भोकं त्यांच्या मधोमध,
प्रत्येक स्क्रूच्या मानेला काळी पुटी,
आणि दोन पट्ट्यांमध्ये नखाएवढी फट.
उन्हात धातूलाही पाय पसरायला जागा लागते.

निपाणेंनी कापडाच्या कडेत दोरी शिवून आणली.
वर फैजान, खाचेत मेणबत्ती घासत,
खाली म्हातारा, दोन्ही हातांवर कापड झेलत.
सरकलं, सरकलं, वळणावर अडलं.
फैजान ओढणार, तेवढ्यात
'थांब बे,' म्हणून निपाणेंनी दोरी चिमटीत धरली,
चार बोटं मागं घेतली,
अडलेल्या धोट्याला घेतात तशी.
मग सर्रकन पार.

दुपारचा दीड. सेहेचाळीस का सत्तेचाळीस.
यार्डाच्या तापल्या मुरमावर
आठ बाय दहाचा लालसर गारवा पडला.
सगळ्यांत आधी कुत्रा आला.
मग निपाणे, चपला उशाला घेऊन.
चिंधी कुठं गेली ते कुणी विचारलं नाही,
त्यांच्या सदऱ्याचा खिसा मात्र फुगलेला होता.

मी छतावर दोन बादल्या ओतल्या
आणि आत जाऊन बसलो, नव्या सागाकडे बघत.
कोरडं.
मॅडमनं दारातून विचारलं, 'काय?'
मी बोट वर केलं, थांबा.
बाहेर पाणी रेलच्या टोकापर्यंत गेलं,
तिथून एक थेंब सुटला,
आणि निपाणेंनी झोपेतच
पाय आखडून घेतला.